रक्त, लघवी आणि सीए रिपोर्ट

(जेसल पार्क, भाईंदर पूर्व इथल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

या विषयावर बोलायला उभं राहिलं की हल्ली पहिला प्रश्न पालकांचा असतो. मेडिकलमधून किंवा ऑनलाइन तपासणीची पट्टी आणलेली असते, मुलाची लघवी तीत टाकलेली असते, आणि मग विचारतात, "दोन रेघा आल्या. म्हणजे घेतोय ना तो?"

तर आधी तेवढं स्पष्ट करून घेऊ, कारण यावरून घराघरात रडारड झालेली आम्हाला ठाऊक आहे. अमली पदार्थांच्या पट्टीवर दोन रेघा म्हणजे पदार्थ सापडला नाही. एकच रेघ आली तर पदार्थ असण्याची शक्यता. गरोदरपणाच्या आणि कोविडच्या पट्टीच्या बरोबर उलटं. आपल्या डोक्यात त्या दोन पट्ट्या पक्क्या बसल्यात, म्हणून लोक हमखास उलटं वाचतात. दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच धरायची.

असं उलटं का, ते समजून घेतलं तर पुढचा सगळा विषय सोपा होईल. या पट्टीत रंगीत कणांना चिकटवलेली प्रतिपिंडं असतात. प्रतिपिंड म्हणजे कुलूप समजा आणि अमली पदार्थाचा रेणू म्हणजे किल्ली. पट्टीवर जिथे रेघ उमटायची तिथे आधीच त्याच किल्लीच्या प्रती लावून ठेवलेल्या असतात. लघवीत काहीच नसेल तर रंगीत कुलपं मोकळी वाहत येतात, त्या प्रतींना जाऊन बसतात आणि रेघ दिसते. लघवीत पदार्थ असेल तर कुलपं वाटेतच भरून जातात, प्रतींना धरायला कोणी उरत नाही, रेघ उमटत नाही. पदार्थाचा रेणू लहान असतो. एकाच वेळी दोन बाजूंनी पकडता येईल एवढा मोठा तो नसतो, म्हणून ही जागा बळकावण्याची युक्ती करावी लागते.

आता ज्याला कुलपाचा अनुभव आहे त्याला ठाऊक आहे की स्वस्तातल्या कुलपाला शेजारच्याची किल्लीसुद्धा लागते. इथेही तेच होतं. सर्दीच्या गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रीन काही किटमध्ये अ‍ॅम्फेटामाइनच्या कुलपाला बसतं. अ‍ॅसिडिटीसाठी घरोघरी खाल्लं जाणारं रॅनिटिडीनही काही किटमध्ये तसाच गोंधळ घालतं. कोडीनचं खोकल्याचं औषध डॉक्टरांनी दिलं असेल तर अफूवर्गाची पट्टी पॉझिटिव्ह येणार, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. शरीरात कोडीनचा काही भाग मॉर्फिनमध्येच बदलतो.

आणि खसखस! दिवाळीत अनारसे थापताना खसखशीवरच थापतो ना आपण? खसखस म्हणजे अफूच्याच बोंडातलं बी. बियांवर बोंडाच्या चिकाचा अंश राहिलेला असतो, त्यात मॉर्फिन असतं. नशा येण्याइतकं नाही, पण लघवीत सापडण्याइतकं असू शकतं. अमेरिकेत सरकारी नोकरदारांच्या तपासणीत अफूवर्गाची मर्यादा एका मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम होती. खसखशीचे पाव खाणारे तीत अडकायला लागले, तेव्हा १९९८ साली ती २००० वर नेली. आकडे ऐकून डोळे फिरतात, म्हणून घरगुती हिशेब करू. गच्चीवरची हजार लिटरची टाकी धरा. तीत दोन ग्रॅम विरघळवलं की झालं मिलिलिटरला २००० नॅनोग्रॅम. गांजाच्या चाचणीची नेहमीची मर्यादा ५० आहे. त्याच टाकीत चमचाभर साखरेचा शंभरावा हिस्सा टाकल्यासारखं. इतकं कमी शोधायचं आहे, आणि शोधून झाल्यावर त्यावर एका माणसाची नोकरी किंवा सुटका ठरवायची आहे.

म्हणून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काम दोन टप्प्यांत चालतं. पहिली चाळणी, दुसरी खातरजमा. चाळणी स्वस्त, झटपट, थोडी सैल. तिचं काम एवढंच की ज्यात काही नाही ते बाजूला काढायचं. चाळणीत अडकलेलं मात्र दुसऱ्या, वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या पद्धतीनं तपासायचं. त्याच जातीची दुसरी पट्टी लावली तर ती खातरजमा होत नाही, तीच चूक दोनदा होते.

खातरजमेचं नेहमीचं यंत्र म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ आणि त्याला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर. नाव अवघड आहे, काम अवघड नाही. तीसेक मीटर लांब आणि आतून पाव मिलिमीटर रुंद अशी नळी गुंडाळून भट्टीत ठेवलेली असते. नमुन्याची वाफ एका टोकानं आत सोडायची. भाईंदरच्या बाजारातून स्टेशनकडे निघालेल्या माणसांसारखं आहे हे. सगळे एकदम निघाले तरी जो प्रत्येक गाडीवर थांबून भाव विचारतो तो मागे पडतो, ज्याला खरेदीत रस नाही तो पुढे निघतो. नळीच्या आतल्या लेपाशी ज्या रेणूची जवळीक जास्त, तो उशिरा बाहेर पडतो. ठरलेल्या तापमानाला कोण किती मिनिटांनी पोहोचणार हे ठरलेलं असतं. बाहेर पडणाऱ्या रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याचे तुकडे करतात आणि तुकड्यांची वजनं नोंदवतात. प्रत्येक पदार्थ आपापल्या रीतीनं फुटतो. पोहोचण्याची वेळ जुळली, तुकड्यांची वजनं जुळली आणि त्यांचं आपसातलं प्रमाणही जुळलं, तरच नाव घ्यायचं. ज्यांची वाफ नीट होत नाही, तापवल्यावर मोडतात, त्यांच्यासाठी द्रवावर चालणारं यंत्र वापरतात.

एमडीचं उदाहरण इथे द्यायलाच हवं, कारण आपल्या पट्ट्यात सध्या तेच नाव सगळ्यात जास्त ऐकू येतं. एमडी म्हणजे मेफेड्रोन, कोणी म्याव म्याव म्हणतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते एनडीपीएस कायद्याच्या यादीत आलं. घरगुती पट्टीवरचं अ‍ॅम्फेटामाइनचं कुलूप मेफेड्रोनला बऱ्याचदा ओळखतच नाही. म्हणजे सर्दीची गोळी घेतलेला मुलगा पट्टीवर अडकू शकतो आणि एमडी घेतलेला सुटू शकतो. एवढ्या एका वाक्यासाठी आजचं व्याख्यान ऐकलंत तरी आम्हाला पुरे.

गर्दचं, म्हणजे हेरॉइनचं, वेगळं आहे. शरीरात गेल्यावर काही मिनिटांतच हेरॉइनचा एक रासायनिक गट गळून पडतो, आणि मग काही वेळानं दुसराही गळून मॉर्फिन उरतं. मधल्या अवस्थेला ६-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन म्हणतात. खसखशीतून, कोडीनमधून ते येत नाही. ते सापडलं की हेरॉइन, यावर वाद उरत नाही. पण ते लघवीत एक दिवसही धड टिकत नाही. उशिरा नमुना घेतला की उरतं फक्त मॉर्फिन, आणि मॉर्फिन कुठून आलं याला उत्तरं अनेक असतात.

वेळेचं हे गणित लोकांच्या लक्षात येत नाही. रक्त आणि लघवी दोन वेगळे प्रश्न सोडवतात. रक्त सांगतं ते साधारण आत्ताचं, तासांतलं. लघवी सांगते ती मागची गोष्ट, बहुतेक पदार्थांची एक ते तीन दिवसांतली. गांजाची गंमत अशी की त्याचा अंश चरबीत साठतो आणि सावकाश बाहेर पडत राहतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत सोडल्यावरही काही आठवडे सापडतो. म्हणून लघवीच्या अहवालावरून "त्या वेळी तो नशेत होता" असं कोणी म्हणालं तर ते शास्त्र नव्हे. लघवी एवढंच सांगते की तो पदार्थ या शरीरातून गेला आहे.

आणि भांग? महाशिवरात्रीला, होळीला घेतलेली भांग, आणि चिलमीतला गांजा, चरस, या सगळ्यांतून लघवीत येणारा पदार्थ एकच. यंत्राला फरक कळत नाही. कायद्याला मात्र कळतो. एनडीपीएस कायद्याच्या व्याख्येत चरस आहे, फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आहे, पण शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यात बसत नाहीत. महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याची बंधनं आहेत, ती वेगळी. म्हणजे अहवाल खरा असूनही गुन्हा कोणता, हे अहवालातून निघत नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये जुहूच्या एका पबवर पोलिसांनी छापा घालून दोनशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतलं आणि त्यांचे रक्त-लघवीचे नमुने घेतले, तेव्हा आपल्याकडे हा विषय पहिल्यांदा घराघरात पोचला. एवढ्या नमुन्यांवर लेबल लावायचं, सील करायचं, एकाचं दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही, या कामाचा विचार तेव्हा फार कमी लोकांनी केला असेल.

आमच्या मते या सगळ्या विषयातली सर्वात कच्ची जागा यंत्रात नाही, बाटलीत आहे.

आपल्याकडे रक्तातली दारू तपासण्यासाठी मुंबई राज्याच्या काळातले १९५९ चे नियम आहेत. ते जुने आहेत पण वाचण्यासारखे आहेत. सुई टोचायची जागा स्पिरिटनं पुसायची नाही, निर्जंतुक पाण्यानं पुसायची, रक्त घेताना कुठेच अल्कोहोलचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. पाच सीसीपेक्षा कमी रक्त घ्यायचं नाही. कुपीत रक्त गोठू न देणारं आणि टिकवणारं असं दोन्ही रसायन हवं. कुपी हलवून, लेबल लावून सीलबंद करायची. टिकवणारं रसायन म्हणजे बहुधा सोडियम फ्लोराइड. ते नसेल तर? रक्तातल्या साखरेवर जंतू, बुरशी वाढतात आणि बाटलीतच दारू तयार करतात. न प्यायलेल्या माणसाच्या रक्तात दारू सापडेल. उलटही होतं, बूच सैल असलं की असलेली दारू उडून जाते.

वांद्र्याचा २००२ सालचा अपघात सगळ्यांना आठवतो. अभिनेते सलमान खान यांच्यावरच्या त्या खटल्यात कलिना प्रयोगशाळेचा अहवाल होता १०० मिलिलिटर रक्तात ६२ मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० आहे. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयानं शिक्षा दिली, आणि १० डिसेंबर २०१५ ला मुंबई उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं. पुराव्यातल्या इतर गोष्टी होत्याच, पण रक्ताबाबतही प्रश्न निघाले. किती काढलं, प्रयोगशाळेत किती पोचलं, मधल्या काळात कुठे आणि कोणाच्या ताब्यात होतं, टिकवणारं रसायन होतं का. ६२ हा आकडा यंत्रानं दिला. पण तो आकडा त्या माणसाचाच आणि त्या रात्रीचाच आहे हे यंत्र सांगू शकत नाही. ते कागद सांगतात. पोलिसांचं पत्र, हॉस्पिटलचं रजिस्टर, सीलचा नमुना, पोचपावती.

आणि पुण्याचं तर अगदी अलीकडचं. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव गाडीनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा मुलगा १७ वर्षांचा. ससून रुग्णालयात घेतलेल्या रक्तात दारू नाही असा अहवाल आला. पोलिसांनी त्याच दिवशी औंधच्या रुग्णालयात दुसरा नमुना घेऊन ठेवला होता. दोन्हींची डीएनए तपासणी केली तेव्हा कळलं की ससूनचं रक्त त्या मुलाचं नव्हतंच. नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, पुढे मुलाच्या आईलाही झाली. आरोप सिद्ध होणं न होणं हे कोर्टाचं काम, त्यावर आम्ही बोलणार नाही. आम्हाला दाखवायचं आहे ते वेगळंच. दारूची तपासणी बरोबरच होती! त्या कुपीत दारू नव्हती, यंत्रानं तसंच सांगितलं.

त्यात आणखी एक गणित. रक्तातली दारू ताशी साधारण १० ते २० मिलिग्रॅमनं कमी होते. अपघात पहाटे अडीचच्या सुमारास, रक्त घेतलं सकाळी अकराच्या सुमारास असं बातम्यांत आलं. साडेआठ तास. ताशी १५ धरले तर सव्वाशेच्या वर मिलिग्रॅम शरीरानं संपवले. म्हणजे खरं रक्त असतं तरी, रात्री १५० वर असलेला माणूस सकाळी मर्यादेच्या खाली आला असता. उशीर झाला की पुरावा आपोआप वितळतो, कोणाला काही करावं लागत नाही.

मग कोणी म्हणेल, डॉक्टरला वासावरून, चालण्यावरून कळत नाही का? मुंबईतल्याच एका अपघाताच्या खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तोंडाला वास, तोल जाणं, अडखळतं बोलणं, विस्फारलेल्या बाहुल्या, एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असं ठामपणे म्हणता येत नाही. डोक्याला मार लागलेला माणूसही तसाच चालतो.

आता मेलेल्या माणसाकडे वळू. आमचे जुने सहकारी म्हणायचे, जिवंताचं रक्त खोटं बोलत नाही, मेलेल्याचं बोलतं. अतिशयोक्ती आहे, पण आधार आहे. मृत्यूनंतर यकृतात, फुप्फुसात साठलेली औषधं आजूबाजूच्या रक्तात झिरपायला लागतात. हृदयातलं रक्त घेतलं तर आकडा फुगलेला येऊ शकतो, म्हणून मांडीच्या शिरेतलं घेणं बरं. शव कुजायला लागलं की दारू आत तयार होते. त्यासाठी डोळ्यातला काचरस तपासतात. तो बंद डबीत असल्यासारखा, जंतूंना उशिरा सापडणारा. व्हिसेरा म्हणजे जठर, यकृत, मूत्रपिंड वगैरेंचे भाग. ते मिठाच्या संपृक्त पाण्यात ठेवून पाठवतात.

"व्हिसेरात विष आढळलं नाही" हे वाक्य पेपरात आलं की लोक खटला संपला असं समजतात. त्यांनी पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे यांचा खटला वाचावा. मराठी घरांत एके काळी तो चवीनं चघळला गेला होता. श्रीमंत विधवा, मधुमेहाच्या रुग्ण. त्यांचे डॉक्टर अनंत चिंतामण लागू त्यांना नोव्हेंबर १९५६ मध्ये रात्रीच्या गाडीनं पुण्याहून मुंबईला घेऊन निघाले. पहाटे बाई बेशुद्धावस्थेत जी. टी. हॉस्पिटलमध्ये, वेगळ्याच नावानं दाखल. काही तासांत मृत्यू. लघवीत साखर आणि अ‍ॅसिटोन सापडलं, मधुमेहाची मूर्च्छा असं ठरलं. लघवीच्या साध्या तपासणीनं कशी दिशाभूल होते बघा. लघवीनं सांगितलं ते खरं होतं, बाई मधुमेही होत्याच. पण मृत्यू त्यानंच आला का, हे ती सांगत नव्हती. शवविच्छेदन झालं ते दहाएक दिवसांनी. रासायनिक विश्लेषकाला एकही विष सापडलं नाही.

आणि तरीही फाशी झाली. दागिने, पैसे, शेअर्स डॉक्टरच्या घशात गेले होते, बाई जिवंत आहेत असं भासवणारी पत्रं पुढे येत राहिली होती. डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं शिक्षा कायम केली. एका न्यायमूर्तींचं मत वेगळं होतं. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की डॉक्टर असलेला माणूस सापडणार नाही असंच विष निवडेल; बाकीची साखळी पूर्ण असेल तर विषाचं नाव न कळणं हा सुटकेचा मार्ग होऊ शकत नाही. १९५६ सालच्या पद्धती ठराविक विषांपुरत्याच होत्या. इन्सुलिनसारख्या शरीरातच असणाऱ्या रेणूचा जादा डोस तेव्हा पकडणं फार अवघड होतं. आजही "आढळलं नाही" याचा अर्थ एवढाच असतो: आम्ही जे शोधलं, ज्या मर्यादेपर्यंत शोधलं, त्यात आढळलं नाही. कशाकशासाठी शोधलं ती यादी अहवालात असायला हवी. नसेल तर वकिलानं मागायला हवी. फार थोडे मागतात, हे आम्हाला खटकतं.

प्रश्नोत्तरांतले दोन प्रश्न महत्त्वाचे होते, तेवढे देतो.

एका ताईंनी विचारलं, मुलगा खरंच घेत असेल तर तपासणीच्या वाटेला गेल्यावर तोच पोलिसांत अडकायचा का? घरची किंवा दवाखान्यातली तपासणी म्हणजे पोलीस केस नव्हे. आणि ज्याच्यावर फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप आहे, असा व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार मध्येच सोडले तर ते काढून घेता येतं. पण पट्टीआधी मुलाशी बोला. लपवून घेतलेली लघवी नळाच्या पाण्यानं पातळ केलेली नाही हे तुम्हाला कसं कळणार? प्रयोगशाळेत ताज्या नमुन्याचं तापमान चार मिनिटांच्या आत बघतात, ते ३२ ते ३८ अंशांत लागतं. मग क्रिएटिनिन बघतात. तुमच्या बाथरूममध्ये यातलं काही नसतं.

दुसरा प्रश्न एका कॉलेजच्या मुलाचा. पोलिसांनी रक्त मागितलं तर नाही म्हणता येतं का, स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही ना? मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना यांना साक्ष मानलं नाही, आणि रक्ताकडेही कायदा तसंच बघतो. अटकेतल्या आरोपीची वैद्यकीय तपासणी गरजेपुरतं बळ वापरूनही करता येते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत ती तरतूद आहे. मात्र कुपी आपल्यासमोर सील करायला सांगता येतं, लेबलवर आपलं नाव, तारीख आणि वेळ बरोबर आहे का ते वाचून मगच सही करता येते. वेळ विशेष बघा. तारीख लिहितात, वेळेची जागा कोरी सोडतात.